स्पिटफायरचा घासलेला बॉल जॉइंट: लेथवर दुरुस्त करायचा की नवाच लावायचा?

रावपुरा_स्पिटफायर (धागा सुरू करणारे):

आधी मत सांगतो, ज्यांना पटणार नाही त्यांनी खोडून काढावं. जुन्या स्पोर्ट्स कारच्या पुढच्या सस्पेन्शनमधला बॉल जॉइंट (वाटीत फिरणाऱ्या गोळ्याचा सांधा) घासला, तर तो उघडून, लेथवर फिरवून परत गाडीला लावू नये. नवा लावावा, आणि दोन्ही बाजूंना लावावा. आपल्या बडोद्यात याच्या उलट पद्धत रुळली आहे. ती बंद व्हावी असं मला मनापासून वाटतं.

गाडी ट्रायम्फ स्पिटफायर, मार्क ३. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचं पाणी आमच्या आवारात शिरलं तेव्हा चाकं बुडाली होती. सांध्यावरचे रबरी बूट, म्हणजे टोप्या, तडकलेले असले की असा गाळ थेट सांध्यात जातो आणि आतलं ग्रीस पॉलिश पेपरसारखं काम करायला लागतं. आता हळू वेगात खड्डा आला की पुढून उजवीकडे 'टक्' असा आवाज येतो, ब्रेक दाबला की स्टिअरिंग किंचित एका बाजूला ओढतं आणि टायरची आतली कड लवकर झिजते आहे.

तपासलं ते असं. जॅक खालच्या विशबोनखाली (चाक धरणाऱ्या त्रिकोणी दांडीखाली) लावला, कारण या गाडीत स्प्रिंगचा भार खालच्या विशबोनवर येतो. शेजारी घोडी ठेवली. चाक वर आणि खाली, म्हणजे घड्याळातल्या बारा आणि सहाच्या जागी धरून हलवलं, तर खेळ जाणवला. मग मुलाला ब्रेक दाबून धरायला सांगितलं. बेअरिंगचा खेळ असता तर ब्रेक दाबल्यावर थांबला असता; तो तसाच राहिला. टॉर्चच्या उजेडात वरचा बॉल जॉइंट आपल्या घरात, म्हणजे बाहेरच्या वाटीत, हलताना स्पष्ट दिसतो.

गॅरेजमध्ये उत्तर मिळालं, "हजी चालशे, नहीं तो मकरपुरामां भरावी लईशुं." (अजून चालेल, नाहीतर मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत भरून घेऊ.) हे 'भरावी लईशुं' मला मान्य नाही. वरच्या सांध्यावर गाडीचं वजन नसलं तरी ब्रेक मारताना आणि वळणावर चाक सरळ धरून ठेवणं त्याच्याच हातात असतं. तो सुटला तर चाक वरून मोकळं होतं, आणि ते कुठल्या बाजूला पडेल हे ड्रायव्हर ठरवत नाही.

मकरपुरा_लेथ:

साहेब, तुम्ही आमचं काम न बघताच निकाल दिलात. 'भरणं' म्हणजे पिनवर (बॉलच्या दांड्यावर) वेल्डिंग मारणं असेल तर माझाही विरोध आहे. पिनला वेल्डिंग करणाऱ्याच्या हातून गाडी काढूनच घ्यावी. आम्ही करतो ते वेगळं. घराची मुडपलेली कड लेथवर काढतो, बॉल मायक्रोमीटरने दोन-तीन दिशांनी मोजतो. बॉल गोल असेल आणि वर खड्डे नसतील तरच पुढे जातो. घासलेली असते ती बहुधा आतली सीट, जिच्यावर बॉल टेकतो. ती डेलरिन या कडक प्लास्टिकमधून नवी काढतो, वर आट्यांचं झाकण बसवतो, झाकण फिरू नये म्हणून लॉक करतो आणि ग्रीस निपल देतो. कारखान्याच्या सांध्याला जे कायमचं बंद केलेलं असतं, ते आमच्याकडे पुन्हा ग्रीस भरता येईल असं होतं.

आता 'नवा' म्हणजे काय ते पण बोला. तुमची गाडी बनली कोव्हेंट्रीत, आज जे खोक्यात येतं ते नक्कल करून बनवलेलं. माझ्या टेबलावर आलेल्या नव्या सांध्यांत पहिल्याच दिवशी जड फिरणारे पाहिलेत, दुसऱ्या पावसाळ्याआधी बूट फाटलेले पाहिलेत. एक बाजू घट्ट असेल तर तिथला मूळचा, फोर्जिंगचा सांधा काढून ही नक्कल का बसवायची? दोन्ही बाजूंना बदला हा नियम शॉकअॅब्सॉर्बरचा आहे. बॉल जॉइंटला तो का लावायचा हे मला कोणी समजावून सांगावं.

ज्या शहरात १८९० साली कलाभवनासारखी तंत्रशिक्षणाची संस्था निघाली, तिथे एवढासा सांधा विलायतेहून यायची वाट बघत गाडी दारात उभी राहते, याचं मला खरंच वाईट वाटतं.

फत्तेगंज_मेटलर्जी:

कलाभवनाच्याच वारशातल्या तंत्रज्ञान विद्याशाखेत शिकले म्हणून उत्तर देते. दादा, तुम्ही वेल्डिंग नाकारलंत ते योग्यच. पिन कडक केलेल्या पोलादाची असते. वेल्डिंगच्या उष्णतेने जवळचा भाग कुठे ठिसूळ होतो, कुठे मऊ पडतो, आणि तडा नेमका मानेपाशी सुरू होतो, कारण वाकवणारा ताण तिथेच एकवटतो. बाहेरून काहीही दिसत नाही.

पण तुमच्या आट्यांच्या झाकणाबद्दलही मला शंका आहे. कड काढली की घराची भिंत पातळ होते, आटे पाडले की आणखी पातळ. बॉल बाहेर ओढला गेला तर तो किती जोराला निघेल, हा आकडा तुमच्याकडे आहे का? तो कळायला सांधा ओढून मोडावाच लागतो. कारखाना एका लॉटमधले काही मोडतो आणि बाकीचे विकतो. तुम्ही बनवता दोन. ते मोडलेत तर गाडीला लावायला काही उरत नाही. नाही मोडलेत तर ताकद ठाऊक नाही. तुमचा हात कितीही चांगला असला तरी ही अडचण हाताने सुटणारी नाही.

गाळ गेलेल्या सांध्यात बॉलच्या चकाकीखाली बारीक खड्डेही असतात. तो गोल करायला घासला, तर कडक थर कमी होतो आणि पुढची झीज आणखी जोरात होते.

मकरपुरा_लेथ:

ताई, बॉलला खड्डे असतील तर मी काम घेतच नाही, हे वर लिहिलंय. मोडून पाहण्याचं म्हणाल तर तेही करता येईल. त्याच मापाचे चार बनवले आणि दोन टेस्टिंग मशीनवर ओढले तर आकडा मिळेल. आजवर कोणा गिऱ्हाइकाने त्याचे पैसे द्यायची तयारी दाखवली नाही, हे खरं. पण तोच प्रश्न खोक्यातल्या नव्या मालाला पण विचारा. त्यावर कोणता आकडा छापलेला असतो?

हेराल्डकाका_दांडियाबाजार:

तुम्ही सगळे वरच्या सांध्यावर भांडताय आणि खालचा विसरताय. बाळांनो, या गाडीत खाली बॉल जॉइंट नाहीच. खाली पितळी ट्रनियन, म्हणजे आट्यांचा ठोकळा, आहे. उभ्या लिंकच्या (चाकाचा हब धरणाऱ्या उभ्या दांडीच्या) तळाला आटे असतात, ते त्या पितळी ठोकळ्यात फिरतात आणि स्टिअरिंग वळतं. एका बाजूचे आटे उलटे असतात. मद्रासच्या स्टँडर्ड कंपनीने १९६१ पासून जी हेराल्ड काढली तिचंही पुढचं सस्पेन्शन याच घराण्याचं. लोटस एलानलाही ट्रायम्फचीच उभी लिंक आहे.

या ट्रनियनला ग्रीस नको, गिअर ऑइल हवं, नव्वद नंबरचं. गॅरेजवाला निपल दिसलं की ग्रीसची बंदूक लावतो. ग्रीस आट्यांत खोलवर जात नाही, मधे पाणी धरून ठेवतं, पोलाद गंजतं आणि एक दिवस लिंक आट्यांपाशी तुटते. गाडी हळू वळत असतानाच बहुधा, कारण तेव्हा पिळा जास्त पडतो. हेराल्डचं पुढचं चाक असं दुमडलेलं मी आमच्या चौकात पाहिलंय. ड्रायव्हर धडधाकट होता तो केवळ वेग नव्हता म्हणून.

पुरात उभी राहिलेली गाडी म्हणता, तर आधी ट्रनियन खोला. लिंकचे आटे घासलेटने धुऊन डाय पेनिट्रंटने (तडा दाखवणाऱ्या रंगीत द्रवाने) तडा तपासा. मकरपुऱ्यात ही तपासणी करणारे मिळतात. वरच्या सांध्याचा वाद नंतर घाला. लेथवाल्या भावाचं एक मला पटतं: मूळ माल चांगला असेल तर तो टाकू नये. आमच्या वेळी टाकणं परवडायचंही नाही.

अलकापुरी_संग्राहक:

थोडं व्यवहाराचं बोलतो. २०२१ च्या केंद्राच्या नियमाप्रमाणे पन्नाशी ओलांडलेल्या गाडीची व्हिंटेज म्हणून नोंद केली की ती रोजच्या वापराला चालवायची नसतेच. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल एवढ्यासाठीच. जानेवारी २०२३ मध्ये लक्ष्मी विलास पॅलेसच्या आवारात एवढं मोठं प्रदर्शन झालं, तिथे कित्येक गाड्या ट्रेलरवरून आल्या. वर्षाकाठी इतकी कमी चालणारी गाडी असेल, तर लेथचा सांधा पुरेसा आहे. उरलेला पैसा रंगाला आणि हुडच्या कापडाला लावा. परीक्षक खाली वाकून बॉल जॉइंट बघत नाहीत.

रावपुरा_स्पिटफायर:

संग्राहक साहेब, ही गाडी आम्ही चालवतो. नोंद जुनीच आहे. पाऊस संपला की पावागढ, साधारण पन्नास किलोमीटर, आणि वर माचीचा घाट. उतरताना प्रत्येक वळणावर ब्रेक. शेजारच्या सीटवर घरचं माणूस असतं. 'कमी चालते म्हणून कमी ताकदीचा सांधा' हे गणित मी मांडू शकत नाही, कारण घाट उतरताना लागणारी ताकद वर्षाच्या किलोमीटरवर ठरत नाही.

काका, तुमचा मुद्दा मान्य. ट्रनियन खोलणार, लिंक तपासून घेणार. तडा दिसला तर वादच नाही, लिंक बदलणार.

लेथवाले दादा, तुमचा दोन्ही बाजूंचा प्रश्न रास्त आहे. माझं कारण इतकंच की दोन्ही बाजूंनी तेच पाणी प्यायलंय आणि दोन्ही बूट सारखेच जुने आहेत. डावीकडे आज खेळ नाही म्हणून आत गाळ नाही असं होत नाही. बुटांचं म्हणाल तर तुमचं खरं आहे, नव्यासोबतचे बूट मलाही आवडले नाहीत. सांधा नवा आणि बूट वेगळे, चांगल्या रबराचे घेऊन बसवणार.

काढण्याबद्दल एक विचारतो. गॅरेजमध्ये टेपर, म्हणजे लिंकमध्ये घट्ट बसलेला पिनचा निमुळता भाग, सोडवायला दोन दातांचा फाळ ठोकतात. त्याने बूट फाटतो हे पाहिलंय. जुना सांधा टाकायचाच असेल तर चालेल का?

हेराल्डकाका_दांडियाबाजार:

नको. दात लिंकच्या डोळ्यावर (पिन बसते त्या भोकावर) ओरखडे पाडतात आणि लिंक तर ठेवायची आहे. स्क्रूचा पुलर लावा. नट पूर्ण काढू नका, दोन-चार आटे शिल्लक ठेवा, म्हणजे टेपर सुटताना हब उडी मारणार नाही. पुलर ताणून धरा आणि डोळ्याच्या बाजूवर हातोड्याचा एक नेमका घाव घाला. सुटतो. सुटल्यावर हब ब्रेकच्या होजवर लोंबकळू देऊ नका, तारेने वर बांधा. विशबोनचे दोन बोल्ट सोपे आहेत. नायलॉनचा नट एकदा काढला की नवा घ्या. टेपर कोरडा आणि स्वच्छ हवा, त्याला ग्रीस लावू नका. पाच-सात किलोमीटर फिरवून सगळे नट पुन्हा बघा आणि मग अलाइनमेंटला न्या. कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कल) कमी-जास्त करायचा झाला तर खालच्या विशबोनच्या ब्रॅकेटमागे शिम, म्हणजे पातळ पट्ट्या, असतात. अलाइनमेंटवाल्या पोराला ते ठाऊक नसतं, तुम्ही उभे राहा.

फत्तेगंज_मेटलर्जी:

टेपर नीट बसतोय का हे निळा रंग लावून बघा. नव्या सांध्याचा टेपर लिंकच्या डोळ्यात सगळीकडून टेकला पाहिजे. फक्त एका कडेला रंग उमटला तर तो सांधा परत पाठवा, नट आवळून भागवू नका. नक्कल मालात फसगत व्हायची तर इथेही होऊ शकते.

मकरपुरा_लेथ:

हे ताईंनी बरोबर सांगितलं. निळा रंग माझ्याकडे आहे, या घेऊन, टेपर मीच बघून देतो. माझं मत बदललेलं नाही. घट्ट असलेला डावा सांधा काढाल तो भंगारात टाकू नका. मधोमध कापून दाखवतो. आत गाळ निघाला तर मी मान्य करीन. सीट कोरी निघाली तर तुम्ही इथे लिहा.

रावपुरा_स्पिटफायर:

दोन्ही आणतो. गाडीला मात्र नवेच लागतील. फोटो इथेच टाकीन, आत जे निघेल ते.