चुन्यो आतून शिजतच नाहीये, मदत हवी आहे (तातडीची)

उचापती_उमा: काल बाजारातून अर्धा किलो चुन्यो आणला. रात्रभर भिजवला, सकाळी तासभर उकळला. बाहेरून मऊ, आत खडा, वर कडू! रात्री चौघं जेवायला आहेत. पटकन सांगा.

खादाड_बोका: चुन्यो म्हणजे? पानाला लावायचा चुना?

उचापती_उमा: अहो, गोठवून वाळवलेला बटाटा. बोलिव्हियात ला पाझला आहे मी.

नलूमावशी: हे आधी सांगायचं ना! तिथं ३६०० मीटरवर पाणी ८८ अंशांच्या आसपासच उकळतं. कुकरला लावा, चार शिट्ट्या.

पुनोचा_पाहुणा: थांबा. काळा की पांढरा?

उचापती_उमा: काळा. फरक पडतो?

पुनोचा_पाहुणा: पडतो तर! पांढरा, म्हणजे तुंता, आठवडेच्या आठवडे वाहत्या पाण्यात ठेवतात, त्याचा कडूपणा तिथंच जातो. काळा जून-जुलैच्या (तिकडच्या हिवाळ्याच्या) रात्री उघड्यावर गोठवतात, पायांनी तुडवून पाणी काढतात आणि उन्हात वाळवतात. त्याचा कडूपणा आपणच काढायचा. भिजवताना पाणी किती वेळा बदललंत?

उचापती_उमा: बदलायचं असतं??

पुनोचा_पाहुणा: 🤦 कोमट पाण्यात टाका, तासातासाने बदला. दर वेळी स्पंजासारखा दाबून पिळा, साल राहिली असेल तर नखाने काढा. एक उभा चिरून बघा, मधे कोरडं दिसलं तर परत पाण्यात.

नलूमावशी: एवढं कशाला? कुकर.

पुनोचा_पाहुणा: मावशी, कडू ते कुकरमध्येही कडूच. शिजला की कुस्करून कांदा, अंडं, चीज घालून परता. चुन्यो फुती म्हणतात.

एकादशी_दुप्पट_खाशी: अंडं वगळलं तर उपासाला चालेल का?

खादाड_बोका: कांदा पण वगळा. बटाटा चालतो तर हा का नाही? मुळात बटाटा तिकडचाच, पोर्तुगीजांनी नावासकट आपल्याकडे आणला.

एकादशी_दुप्पट_खाशी: पायांनी तुडवलेला? नको.

घाटावरचा_गण्या: उमाताई, येताना कोकाचा चहा आणा.

खादाड_बोका: आणू नका हो! आपल्याकडे कोकाचं पान १९८५च्या अमली पदार्थ कायद्यात येतं. विमानतळावरूनच वरात निघेल.

उचापती_उमा: चार पाणी झाली. पाणी आता चहासारखं नाही, जरा गढूळ इतकंच. चव बरी आहे, पण मधे अजून सुपारीएवढा खडा. शेजारणीचा कुकर आणलाय. याची शिट्टीच होत नाही, नुसता फुसफुसतोय. मावशी, चार शिट्ट्या म्हणजे किती मिनिटं?

नलूमावशी: मिनिटं कधी मोजलीत कोणी?