मदत हवी आहे: मखराची एलईडी स्ट्रिप दहा-बारा मिनिटं नुसती लुकलुकते, मग लागते

मंडळी, गणपती चार दिवसांवर आलेत आणि मखराचे दिवे रुसलेत.

वॉर्म व्हाइट स्ट्रिपचे ५ मीटरचे दोन रोल एकापुढे एक जोडलेत. मीटरला ९.६ वॅट असं पाकिटावर छापलंय. १२ व्होल्ट १० ॲम्पिअरचा एसएमपीएस (घरच्या विजेचे १२ व्होल्ट डीसी करून देणारा पॉवर सप्लाय), तो जाळीच्या पत्र्याच्या डब्यातला. गेली तीन वर्षं हाच सेट बिनतक्रार चालला. यंदा पावसाळाभर माळ्यावर होता.

बटण दाबलं की सेकंदाला एकदा सगळी स्ट्रिप भक्‌ करून लागते आणि विझते. डब्यातून बारीक टिक-टिक येते. दहा-बारा मिनिटं हा खेळ चालतो, मग अचानक स्थिर होते आणि रात्रभर काही त्रास नाही. सकाळी गारव्यात जास्त वेळ घेते, दुपारी चार-पाच मिनिटांत भागतं.

स्ट्रिप काढून एसएमपीएसला मल्टिमीटर लावला तर १२.१ व्होल्ट, एकदम स्थिर. दोन्ही रोल जोडले की आकडा ४ ते १० मध्ये नाचतो. एकच रोल ठेवला तर दोनेक मिनिटांत धरते. स्क्रू घट्ट केले, प्लग बदलला. मुलगा म्हणतो नवीन आणा. आई म्हणते, "एकदा लागली की विसर्जनापर्यंत बंदच करू नका." दोष स्ट्रिपमध्ये की एसएमपीएसमध्ये? दुरुस्त होईल का?

टेस्टरवाला: आधी लोड बघा. जास्त ओढलं की एसएमपीएस स्वतःला बंद करतो, परत प्रयत्न करतो. टिक-टिक त्याचीच.

धागाकर्ता: हिशोब केला. दोन रोलचे ९६ वॅट, एसएमपीएस १२० चा. काठावर नाही. आणि तीन वर्षं चाललंच ना?

सोल्डरकाका: स्ट्रिप शॉर्ट असती तर बारा मिनिटांनी बरी झाली नसती. तुमच्याच लिहिण्यात उत्तर आहे: सकाळी उशीर, दुपारी लवकर. एकदा लागल्यावर बंद करून लगेच परत चालू करून बघा.

धागाकर्ता: काका, केलं. पहिल्या झटक्यात लागली! अर्ध्या तासाने परत तेच रडगाणं.

सोल्डरकाका: मग कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारा डबीसारखा भाग. इलेक्ट्रोलिटिक (आत द्रव असलेला) कपॅसिटर वाळत गेला की थंड असताना काम करत नाही, तापला की थोडा सुधारतो. डबा उघडा, पण प्लग काढून अर्धा तास थांबल्यावरच. आतल्या मोठ्या कपॅसिटरवर साधारण ३२५ व्होल्ट डीसी असतात. थांबलात तरी हात घालण्याआधी मीटरने बघा, नुसत्या घड्याळावर विसंबू नका. मग आउटपुटकडचे, स्क्रूच्या पट्टीजवळचे कपॅसिटर बघा. डोकं सपाट हवं. फुगलं असेल किंवा तपकिरी काही गळलं असेल तर तोच चोर. सगळे ठीक दिसले तर कंट्रोल आयसीजवळचा (एसएमपीएस चालवणाऱ्या चिपजवळचा) छोटा कपॅसिटर बदलायचा, तो न फुगताही मरतो.

नवीन घेताना मायक्रोफॅरड (कपॅसिटरची क्षमता) तेवढेच, व्होल्ट तेवढे किंवा जास्त, आणि १०५ डिग्रीवाले, लो ईएसआर (आतला रोध कमी असलेले) मागा. प्लस-मायनस उलटं लावू नका, फुटतो. सोल्डरिंगचा हात नसेल तर टीव्ही दुरुस्तीवाल्याकडे द्या, त्याचं रोजचं काम आहे.

आणि एक, विचारलं नाहीत तरी सांगतो. दोन रोल एकापुढे एक लावू नका. दुसऱ्या रोलला एसएमपीएसपासून वेगळी जाड वायर द्या. पहिल्या रोलच्या पातळ तांब्यातून दोघांचा करंट जातोय.

धागाकर्ता: उघडला. आउटपुटचे तीनपैकी दोन चक्क पुरीसारखे टम्म! १००० मायक्रोफॅरड, २५ व्होल्ट. बुधवार पेठेत गेलो. सजावटीच्या गर्दीत पार्किंगला तासभर गेला, कपॅसिटर घ्यायला पाच मिनिटं. तिन्ही बदलले. सोल्डरिंग माझंच, बघण्यासारखं नाही.

बटण दाबलं, लागली. आईने चार वेळा बंद-चालू करून खात्री केली. वेगळी वायरही ओढली. दुसऱ्या रोलच्या टोकाला आधी ९.४ व्होल्ट मिळत होते, आता ११ आहेत. तीन वर्षं तो कोपरा मंद दिसायचा आणि आम्ही समजायचो की तिकडे पडद्याची सावली पडते.