बिनढगाचं आकाश आणि गडंकीचं रडार
ढग नसेल तर रडारला वारा कळणारच नाही, असं काही जण म्हणतात. नागपूरच्या डॉप्लर रडारपुरतं ते बरंचसं खरं, त्याला मुख्यतः पावसाचे थेंब लागतात. पण तिरुपतीजवळचं गडंकीचं रडार राहूनच गेलं की! ते ५३ मेगाहर्ट्झवर चालतं, तरंगलांबी साडेपाच मीटरच्या थोडी वर. हवेतल्या खळबळीने तापमान नि ओलावा जागोजागी किंचित बदलतो. त्यातल्या तीनेक मीटरच्या चढउतारांवरून लहरी परत येतात. शलाका, म्हणजे लहरींचा झोत, एकदा सरळ वर आणि मग थोडी कलती करून सोडली की वाऱ्याचा वेग, दिशा दोन्ही निघतात.

तिथे गेलो तेव्हा हसूच आलं. नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या गच्चीवर दूरदर्शनसाठी असायचा तसलाच यागी अँटेना, फक्त १०२४, सगळे आकाशाकडे तोंड करून! नागपूरच्या सोनेगावहून सोडलेला हवामानाचा फुगा वर जाता जाता वाऱ्याबरोबर कुठल्या कुठे वाहवत जातो. हे रडार मात्र डोक्यावरचंच आकाश दर काही मिनिटांनी वाचतं. १६-१७ किलोमीटरवरची तपस्तब्धी, म्हणजे वर जाताना तापमान घटायचं थांबतं ती सीमा, सरळ शलाकेत ठळक पट्ट्यासारखी दिसते. साधारण ३० ते ६० किलोमीटरच्या पट्ट्यातून मात्र काहीच परत येत नाही म्हणा ना. तिथे लेसरवाला लिडार लागतो, आणि त्याला नेमकं निरभ्र आकाशच हवं!