'माझी आई विसरते': इतर आयांकडे बघून असं कमी पडल्यासारखं तुम्हालाही होतं का?

अर्धीझोप

मैत्रिणींनो, लांबण लागणार आहे, आधीच सांगते. रात्रीचा पाऊण वाजलाय, धाकट्याचं डोकं माझ्या दंडावर आहे आणि मी एका अंगठ्याने टाइप करतेय. शुद्धलेखन पोटात घाला.

मुलगी पाच वर्षांची, मुलगा चौदा महिन्यांचा. मी घरूनच अर्धवेळ काम करते.

सोमवारी लेकीच्या शाळेत पिवळा दिवस होता. सगळ्यांनी पिवळे कपडे घालून यायचं. सूचना आठवडाभर आधी आली होती. मी ती वाचली होती, एवढंच नाही, खाली अंगठाही दिला होता. आणि सोमवारी सकाळी माझी लेक शाळेच्या फाटकाशी निळ्या फ्रॉकमध्ये उभी. आजूबाजूला नुसता पिवळा पिवळा. बाईंपुढे काहीतरी सारवासारव करायला मी तोंड उघडणार, तेवढ्यात तीच म्हणाली, "माझी आई विसरते."

तक्रार नव्हती हो त्यात. रुसली नाही, रडली नाही. 'माझ्या आईला चष्मा आहे' म्हणावं तसं सांगून मोकळी झाली. तेच लागलं.

मग तिच्या वर्गातल्या एका मुलीच्या आईने खांद्यावरची बॅग उघडली. त्या बॅगेत काय नसतं ते विचारा. ओले रुमाल, कोरडे रुमाल, सुईदोरा, जास्तीचे मोजे. त्यातून एक पिवळा हेअरबँड निघाला. तिने तो माझ्या लेकीच्या डोक्यावर बसवला आणि कपाळावरची बट हळूच आत सारली. मी थँक्यू म्हटलं आणि घरी पोचेपर्यंत तिचा असा राग राग केला की माझी मलाच लाज वाटली. बिचारीने काय वाईट केलं होतं? संध्याकाळी लेकीकडून पाणी सांडलं. फार नाही, अर्धा पेला. मी एवढ्या जोरात ओरडले की धाकटा दचकून रडायला लागला. ती मात्र मुकाट्याने फडकं घेऊन आली.

आता जे आजवर कोणालाच सांगितलं नाही ते. माझ्या फोनमध्ये एक यादी आहे. एक आई रोज रात्री गोष्ट वाचून दाखवते, आवाज बदलून बदलून. दुसरी कधीच ओरडत नाही, मुलगा जमिनीवर लोळण घेतो तेव्हाही शेजारी मांडी घालून शांत बसते. तिसरी मुलांसोबत पुठ्ठ्याची घरं करते, त्यांना खिडक्यासुद्धा असतात. चौथी नोकरीत माझ्यापेक्षा पुढे आहे. पाचवीचं बाळ दहाव्या महिन्यात चालायला लागलं, त्याचा व्हिडिओ ग्रुपवर आला होता. माझा अजून कॉट धरून उभा राहतो आणि हात सोडायचा म्हटलं की मटकन खाली बसतो. सहावी म्हणजे ही बॅगवाली. रात्री फोन हातात आला की ही यादी उघडते आणि काहीतरी वाढवून झोपते. झोपते कसली.

तुमचं होतं का असं? की मी खरंच कमी पडतेय? गोडगोड बोलू नका प्लीज.

---

सांधा

अगं, आधी धाकट्याचं बोलू, कारण तुझ्या यादीतली ती एकच गोष्ट मोजता येण्यासारखी आहे. मी डॉक्टर नाही, पण लहान मुलांच्या विकास-तपासणीच्या कामात बरीच वर्षं आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने २००६ साली मुलांच्या हालचालींच्या टप्प्यांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. भारत, घाना, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या पाच देशांतली ८१६ निरोगी मुलं त्यात होती. आधाराशिवाय चालण्याचा काळ किती निघाला असेल? ८.२ महिन्यांपासून १७.६ महिन्यांपर्यंत. म्हणजे दहाव्या महिन्यात चालणारं ते व्हिडिओतलं बाळ आणि तुझा कॉटवाला, दोघं एकाच पट्ट्यात बसतात. त्यातली चारेक टक्के मुलं तर हातागुडघ्यांवर रांगलीच नाहीत, चालायला मात्र शिकली. अठराव्या महिन्यापर्यंत तो आधाराशिवाय चालला नाही, किंवा आज येणारी एखादी गोष्ट उद्या यायची बंद झाली, तर डॉक्टरांना जरूर दाखव. आत्ता तो उभा राहतो आणि पडायच्या आधी स्वतःहून खाली बसतो. ती अक्कल आहे, उशीर नव्हे.

आता ओरडण्याचं. गोड बोलू नको म्हणालीस म्हणून सांगते, ओरडलीस ते काही बरं केलं नाहीस, तुला ते माहीत आहे. पण पुढचं तू लिहिलंच नाहीस. ती फडकं घेऊन आली, मग काय झालं? मला त्यातच जास्त रस आहे. एडवर्ड ट्रॉनिक नावाच्या मानसशास्त्रज्ञाने आई आणि तान्हं बाळ समोरासमोर असताना त्यांचं निरीक्षण केलं. नातं चांगलं असलेल्या जोड्यांतही दोघांचा सूर साधारण तीस टक्के वेळच जुळलेला असतो, असं त्याला दिसलं. बाकीचा वेळ सूर चुकतो, पुन्हा धरला जातो, पुन्हा चुकतो. तान्ह्या बाळांवरचं काम आहे ते, पाच वर्षांच्या मुलीवर जसंच्या तसं लावू नकोस. पण पुन्हा सूर धरण्यातूनच बाळ काहीतरी शिकतं, हे त्याचं म्हणणं कामावर रोज डोळ्यांनी दिसतं. त्याच्याही आधी, १९५३ साली, विनिकॉट या ब्रिटिश बालरोगतज्ज्ञाने 'पुरेशी चांगली आई' अशी कल्पना मांडली. सुरुवातीला आई बाळाच्या गरजेशी जवळजवळ पूर्ण जुळवून घेते, मग बाळाला जसजसं झेपतं तसतशी थोडी थोडी कमी पडत जाते, आणि त्या कमी पडण्यातून बाळाला आईपेक्षा वेगळं असं जग कळतं. तो नुसती आयांची समजूत काढत नव्हता हां. कमी पडणं हा त्याच्या मांडणीतला एक भागच होता.

---

दोनवेळाफसलेली

माझी पहिली मुलगी तिसऱ्या महिन्यापासून रात्रभर झोपायची. मी लोकांना सल्ले द्यायचे! 'दिनक्रम ठरवा, अंधार करा, सगळं जमतं.' कोणाच्या तरी यादीत मीही असणार तेव्हा. मग दुसरा झाला. तोच अंधार, तोच दिनक्रम, तीच आई. साहेब अडीच वर्षं सलग चार तास झोपले नाहीत. ज्यांना ज्यांना सल्ले दिले होते त्यांची मनातल्या मनात माफी मागितली.

थॉमस आणि चेस या दोघा मानसोपचारतज्ज्ञांनी १९५६ पासून न्यूयॉर्कमध्ये मुलांच्या उपजत स्वभावाचा वर्षानुवर्षं मागोवा घेतला होता. त्यांच्या हिशेबात साधारण चाळीस टक्के मुलं 'सोपी', दहा टक्के 'अवघड', पंधरा टक्के हळूहळू रुळणारी आणि बाकीची मिश्र. माझ्या पदरी एक चाळिसातलं पडलं आणि एक दहातलं. चाळिसातल्याचं श्रेय मी घेतलं होतं, हे आता कबूल करते.

---

खडूस_बाबा

यादी दोनदा वाचली. सहा आया. बाबा एकही नाही. पिवळ्या दिवसाची सूचना तुमच्या नवऱ्याच्या फोनवर आली होती का? आली असेल तर मुलीने 'माझे आईबाबा विसरतात' असं म्हणायला हवं होतं.

माझ्याकडून असल्या सूचना तीन वेळा राहिल्यात. एकदाही यादी केली नाही. दुसऱ्या बाबांच्या बॅगेत काय असतं हेही माहीत नाही. हे मोठेपणाने सांगत नाहीये.

---

जास्तीचे_मोजे

इथे मी फक्त वाचायला येते, पण आज लिहावंच लागतंय. बॅगवाली मीच आहे. म्हणजे तुझ्या शाळेतली नव्हे, पण प्रत्येक फाटकाशी एक असते ना, ती आमच्याकडची मी.

बॅग कशी सुरू झाली ते सांगते. मुलगा साडेतीन वर्षांचा असताना वर्गात त्याची चड्डी ओली झाली. बदलायला काही नव्हतं, कारण मी जास्तीचा जोड दिलाच नव्हता. मला निरोप मिळून मी पोचेपर्यंत सव्वा तास गेला. तो कोपऱ्यातल्या खुर्चीवर पाय जुळवून बसला होता. मला बघून रडला नाही. फक्त म्हणाला, "मी हललो नाही." खुर्ची खराब होईल म्हणून तो सव्वा तास हलला नव्हता.

त्या दिवसापासून बॅग आहे. पहिल्यांदा कपडे, मग मोजे, मग मलम, बॅटरी, शिट्टी. शिट्टी कशाला, मला विचारू नकोस. मुलगा आता आठ वर्षांचा आहे, त्याला यातलं काही लागत नाही, तरी रात्री बॅग तपासल्याशिवाय मला झोप येत नाही. लोक म्हणतात, किती व्यवस्थित गं तू. मी हसते. त्यात व्यवस्थितपणा काही नाही. मी घाबरलेली आहे, एवढंच.

आणि यादी माझ्याकडेही आहे, फोनमध्ये नसली तरी. त्यात एक बाई आहे. रोज उशिरा येते, केस कसेतरी बांधलेले. तिचा मुलगा वाटेत मुंग्या बघत बसला की ही पण बसते. घंटा झालेली असते आणि ही दोघं मुंग्या बघतायत! मला तिथे उभं राहून घाम फुटतो. माझ्या मुलाने माझ्याबरोबर मुंग्या कधी बघितल्याच नाहीत, मी त्याला तेवढं थांबूच दिलं नाही.

तुझी यादी वाचताना एक जाणवलं. त्या सहा बायका आहेत. पुठ्ठ्याची घरं करणारी रात्री आवाज बदलून वाचते का? मांडी घालून शांत बसणारीच्या बॅगेत सुईदोरा असतो का? तू सहाजणींचे तुकडे जोडून एक बाई शिवली आहेस आणि तिच्याशी भांडतेस. ती कुठल्याच फाटकाशी येत नाही गं.

---

कडेकडेने

सगळ्यांचं पटलं, पण मला तुझ्या लिहिण्यातलं एक वाक्य टोचलं. 'झोपते कसली.' बाळ झोपलेलं असतानाही झोप येत नाही का तुला?

विचारते, कारण धाकटीच्या वेळी मी दहा महिने स्वतःला 'जरा हळवी' म्हणत काढले. शेवटी तपासणीला गेले तेव्हा तिथल्या नर्सने एक प्रश्नावली दिली. एडिंबरोची म्हणतात, बाळंतपणानंतरच्या नैराश्याची चाचपणी करायला असते, १९८७ सालची, दहा प्रश्नांची, मागच्या सात दिवसांबद्दल विचारतात. तिसराच प्रश्न काय असावा? काही बिघडलं की तुम्ही विनाकारण स्वतःला दोष दिलात का. मी पेन तसंच धरून बसले. मला वाटत होतं दोष देणं हा माझा स्वभाव आहे. तो लक्षण म्हणून छापलेला असेल असं कधी मनातही आलं नव्हतं.

त्या गुणांवरून कोणी निदान करत नाही, पुढे डॉक्टरांशी बोलावं लागतं. तुला तसं काही आहे असंही मी म्हणत नाही. पण दोन आठवडे रोज असंच जात असेल, किंवा स्वतःला इजा करावी असा विचार एकदा जरी येऊन गेला, तर धाग्यावर विचारत बसू नकोस, लगेच डॉक्टरांशी बोल आणि घरातल्या कोणाला तरी सांग.

---

अर्धीझोप

चार दिवसांनी येतेय. सगळे प्रतिसाद एकदा दिवसा वाचले आणि एकदा रात्री. रात्री वेगळे वाटतात.

कडेकडेने, तू विचारलंस ते बरं केलंस. हो, तो झोपलेला असतानाही जागी असते मी. गुरुवारची वेळ घेतली आहे. तसला विचार आलेला नाही, काळजी करू नकोस.

सांधा, फडक्यानंतर काय झालं ते लिहिलं नाही कारण लिहिण्यासारखं वाटलं नव्हतं. मीही खाली बसले, दोघींनी मिळून पुसलं. मी म्हटलं, चुकलं माझं, एवढं ओरडायला नको होतं. ती म्हणाली, "हो." आणि कोरडा भाग मलाच पुसायला लावला.

हेअरबँड धुऊन परत द्यायला गेले. वाटेत चार वाक्यं जुळवली होती. त्या बाई म्हणाल्या, "कुठला हेअरबँड?" त्यांना आठवतच नव्हतं. मी सांगितलं तेव्हा म्हणाल्या, "हो का? मला वाटलं हरवला," आणि बॅगेत टाकला. चार दिवस मी ज्याच्यावर जळत होते, त्याची त्यांच्याकडे नोंदच नव्हती. जास्तीचे_मोजे, तुझं वाचलेलं होतं म्हणून मी त्यांच्या बॅगेत जरा डोकावले. शिट्टी दिसली नाही.

यादी अजून पुसलेली नाही. खोटं कशाला बोलू.

आणि खडूस_बाबा, तुमच्या प्रतिसादावर घरी तासभर चर्चा झाली, त्यातली सगळी इथे लिहिता येणार नाही. पण शाळेच्या सूचना आता नवऱ्याच्याही फोनवर येतात आणि या आठवड्याची जबाबदारी त्याची. काल वर्गात गोल आकाराची वस्तू न्यायची होती. तो विसरला. दारात बूट घालताना लेकीला आठवलं, "बाबा, गोल!" तो म्हणाला, "अरे हो की," आणि हाताला लागलेल्या पहिल्या बरणीचं झाकण काढून तिच्या दप्तरात टाकलं. मी त्याच्या चेहऱ्याकडे बघत उभी होते, काही दिसतंय का म्हणून. काहीसुद्धा नाही. शीळ घालत गेला.

झाकण शाळेतच राहिलंय. बरणीवर सध्या बशी ठेवली आहे.