सीएसआरमधून झेडपी शाळांना कॉम्प्युटर मिळवायचेत, अर्ज कसा करायचा?

वेशीवरची

नमस्कार मंडळी. पारनेर तालुक्यात आमची छोटी संस्था आहे, ९ वर्षं झाली. संध्याकाळची अभ्यासिका आणि फिरतं वाचनालय एवढंच काम, वर्षाची उलाढाल जेमतेम ६ लाख, तीही गावातून पुण्या-मुंबईला गेलेल्या पोरांच्या देणग्यांवर. गेल्या वर्षापासून सात झेडपी शाळांचे शिक्षक मागे लागलेत की ताई कॉम्प्युटरचं काहीतरी बघा, पोरांकडे घरी मोबाईल आहे पण कीबोर्डवर स्वतःचं नाव टाईप करता येत नाही. म्हणून मी बसून एक प्रपोजल केलं, शाळेला १० प्रमाणे ७० कॉम्प्युटर, टेबलं-खुर्च्या, वायरिंग, सगळे मिळून ३८ लाख. सीएसआरमधून, म्हणजे कंपन्यांना कायद्याने समाजकामावर जो खर्च करावा लागतो त्यातून, द्या म्हणून सुपा आणि रांजणगाव एमआयडीसीतल्या ११ कंपन्यांना मेल टाकले. आठ जणांचं काहीच नाही, दोघांचं "आपला मेल मिळाला", आणि एका ठिकाणच्या मॅडमचा फोन आला तर पहिलाच प्रश्न, तुमचा सीएसआर-वन नंबर सांगा. माझ्याकडे नव्हता. बरं म्हणाल्या आणि ठेवला फोन.

तर हे सीएसआर-वन काय प्रकरण आहे? दुसरं म्हणजे मागताना टेक्नॉलॉजी म्हणून मागायचं का शिक्षण म्हणून? आणि शिकवणाऱ्या मुलीचा पगार त्यात धरता येतो का, कारण एक ओळखीचे म्हणाले की ५ टक्क्यांच्या वर पगार-बिगार चालतच नाही. नगरचे एक गृहस्थ सगळं करून देतो म्हणतायत, पण आधी २५ हजार फाईल चार्ज मागतात. देऊ का?

नावे_जमा

ताई, आधी तो २५ हजारवाला ब्लॉक करा, मग बाकीचं वाचा. सीएसआर मिळवून देतो म्हणून आधी पैसे मागणारा एकही माणूस आजवर खरा निघालेला मी बघितला नाही, आणि मी १४ वर्षं ट्रस्टांचीच खाती लिहितोय.

सीएसआर-१ हा केंद्राच्या कंपनी मंत्रालयाच्या पोर्टलवर भरायचा फॉर्म. १ एप्रिल २०२१ पासून हा नंबर असल्याशिवाय कंपनी तुम्हाला सीएसआरचा पैसा देऊच शकत नाही, दिला तर तो त्यांच्या हिशोबात सीएसआर म्हणून धरला जात नाही. त्यामुळे त्या मॅडमचा राग धरू नका. फॉर्मला संस्थेचं पॅन, अध्यक्ष किंवा सचिवाची डिजिटल सही आणि प्रॅक्टिस करणाऱ्या सीए, कंपनी सेक्रेटरी किंवा कॉस्ट अकाउंटंटचं सर्टिफिकेशन लागतं. त्याच्या आधी १२ए आणि ८०जी, म्हणजे संस्थेच्या करमाफीच्या आणि देणगीदाराच्या करसवलतीच्या आयकर खात्याकडच्या नोंदण्या, चालू पाहिजेत. जुन्या काळी एकदा मिळालं की जन्मभराचं असायचं, आता त्याला मुदत असते, तेव्हा कपाटातला कागद काढून त्यावरची तारीख बघा. निम्म्या संस्थांचं तिथेच अडतं. आणखी एक अट म्हणजे तशाच कामाचा किमान ३ वर्षांचा अनुभव. तुमची ९ वर्षांची अभ्यासिका म्हणजे शिक्षणाचंच काम, फक्त ऑडिट रिपोर्टात ते दिसलं पाहिजे, सगळा खर्च "सामाजिक कार्य" अशा एकाच ओळीत ढकलला असेल तर सीएला सांगून यंदापासून वेगळा दाखवा.

अजून एक. धर्मादाय आयुक्तांकडून परिशिष्ट एकची, म्हणजे तिथल्या तुमच्या विश्वस्तांच्या नोंदीची, ताजी नक्कल काढा. माझ्याकडच्या एका संस्थेच्या परिशिष्टावर दोन विश्वस्त वारून सात वर्षं झाली तरी अजून हयात होते, विश्वस्त बदलल्याचा अर्ज, चेंज रिपोर्ट, तोच टाकलेला नव्हता. सगळं ठरलं, कंपनीच्या लीगलने कागद मागवले आणि तिथे फाईल आडवी झाली.

कंपनीच्या_आतून

मी एका कारखान्याच्या सीएसआर टीममध्ये आहे, नाव सांगत नाही. टेबलाच्या या बाजूने काय दिसतं ते सांगतो, जरा लांब होईल.

तुमच्या ३८ लाखांच्या प्रपोजलचं काय झालं असेल ते मला इथे बसून कळतंय. पहिलं पान उघडलं, एकूण रक्कम बघितली, शेवटच्या पानावर ऑडिट बघितलं, ६ लाख. संपलं. वर्षाला ६ लाख सांभाळणाऱ्या संस्थेच्या हातात एकदम ३८ लाख द्यायचे म्हणजे उद्या काही कमीजास्त झालं तर कमिटीपुढे मी उभा. हा तुमच्या प्रामाणिकपणावर संशय नाही, पण पहिल्या वेळी उलाढालीच्या दीडपट-पावणेदोनपटीच्या वर जाऊ नका. कायद्यात असं कुठे लिहिलेलं नाही, आम्ही मनात धरतो ते सांगतोय.

कायद्यात आहे ते असं. २०१३ चा कंपनी कायदा, कलम १३५. आदल्या वर्षी निव्वळ नफा ५ कोटी, किंवा उलाढाल १००० कोटी, किंवा नेटवर्थ ५०० कोटी, यातलं एक जरी असलं तरी मागच्या ३ वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के खर्च करायचा. ५ कोटी नफ्यात एमआयडीसीतले बरेच मधले कारखाने येतात, ज्यांची नावं कुणी ऐकलेली नसतात. सगळे मोठ्या नावांच्या फाउंडेशनकडे पळतात आणि तिथे अर्जांचा ढीग. मधल्या कारखान्यात मात्र एचआर मॅनेजरच्याच गळ्यात सीएसआर अडकवलेलं असतं आणि त्याला खरंच कळत नसतं की पैसे द्यायचे कुणाला. ज्यांचा वर्षाचा सीएसआर ५० लाखांच्या आत आहे त्यांना वेगळी कमिटी नेमायचीही सक्ती नाही, संचालक मंडळच ठरवतं, त्यामुळे निर्णय लवकर होतो. शिवाय कारखान्याच्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्या असं कायद्यातच आहे. तुमची गावं सुप्यापासून किती किलोमीटर ते पहिल्या पानावर लिहा, मुलांच्या उज्ज्वल भविष्यावरचा परिच्छेद काढला तरी चालेल.

कंपनी शोधायची युक्ती सांगतो. वार्षिक अहवाल उघडा, त्यात सीएसआरचं परिशिष्ट असतं. कुठल्या जिल्ह्यात, कशासाठी, किती आणि कुठल्या संस्थेमार्फत, सगळं त्यात सापडतं. अहवाल मिळाला नाही तर सरकारचं नॅशनल सीएसआर पोर्टल आहे, तिथे कंपनीवार आकडे दिसतात. जी कंपनी तीन वर्षं फक्त पाण्यावर खर्च करतेय तिला कॉम्प्युटर विकू नका. ११ मेल टाकण्यापेक्षा ३ अहवाल वाचा.

टेक्नॉलॉजी का शिक्षण, तर शिक्षण. सीएसआर कुठल्या कामांवर चालतो त्याची यादी म्हणजे कायद्याची अनुसूची सात, त्यात तंत्रज्ञानाचं जे कलम आहे ते इन्क्युबेटर आणि संशोधनासाठी आहे, शाळेतल्या कॉम्प्युटरचा त्याच्याशी संबंध नाही. तुमचं सरळ दुसऱ्या कलमात बसतं, शिक्षण आणि रोजगाराची कौशल्यं.

आता ते ५ टक्के. हा गैरसमज आमच्याच लोकांनी पसरवलाय. ती मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर विभागाच्या कारभार खर्चावर आहे. प्रकल्प राबवण्यासाठी थेट लागणारा खर्च त्यात येत नाही असं नियमात स्वच्छ लिहिलंय, मंत्रालयाने ऑगस्ट २०२१ मध्ये प्रश्नोत्तरंही काढली. शिकवणाऱ्या मुलीचा पगार हा प्रकल्पाचा खर्च. बजेटमध्ये "मानधन" म्हणून तळाशी लपवू नका, "प्रशिक्षक, १२ महिने" असं पहिल्या ओळीत घ्या. तरीही एखादा साहेब ५ टक्केच म्हणून अडून बसेल, तेव्हा वाद घालू नका, प्रिंट पुढे ठेवा.

आणि वेळ. एप्रिल ते ऑगस्ट. आमचा वर्षाचा आराखडा तेव्हा ठरतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये जो फोन येतो, "आठ दिवसांत काय घेऊ शकता", तो उरलेल्या पैशाचा असतो. तसा चालू प्रकल्पाचा उरलेला पैसा वेगळ्या खात्यात टाकून पुढच्या ३ वर्षांत वापरता येतो, पण तेवढी तोशीस कोण घेतंय. मग आठ दिवसांत ज्याचं बिल मिळेल तेच घेतलं जातं, म्हणजे बेंच, दप्तरं आणि कॉम्प्युटर.

खडूफळा

वरच्या साहेबांच्या शेवटच्या वाक्यातले कॉम्प्युटर आमच्या शाळेत आहेत. ६ नग. मार्च महिन्यातच आले, रिबन लागली, फोटो निघाला, फ्लेक्सवर कंपनीचं नाव शाळेच्या नावापेक्षा मोठं. जूनमध्ये शाळा उघडली तर यूपीएस चार्जच होईना, खोलीला अर्थिंग नव्हतं. सीपीयूला हात लावला की मुंग्या यायच्या, एका पोराने घाबरून माऊस फेकला तो फुटला. दिवाळीनंतर उंदरांनी दोन केबल खाल्ल्या. मुख्याध्यापकांनी प्लास्टिकची चादर टाकून खोलीला कुलूप लावलं, कारण हरवलं-मोडलं तर डेडस्टॉक रजिस्टरला, म्हणजे शाळेच्या सामानाच्या नोंदवहीला, सही त्यांची. त्यांची चूक म्हणत नाही मी, उद्या रिटायर होताना चार्ज देताना ६ चे ५ भरले तर त्यांच्याकडूनच वसूल. वर्षातून एकदा कुलूप उघडतं, तपासणीला कोणी आलं की. आणि लाईट बिल? ते आम्ही शिक्षक वर्गणी काढून भरतो, मागे तर थकबाकीपायी कनेक्शनच तोडलं होतं.

ताई, हात जोडून विनंती, ७० कॉम्प्युटर नका मागू. माणूस मागा. आठवड्यातून एक दिवस येणारी, नाव टाईप करायला शिकवणारी, बिघडलं तर पिशवीत घालून दुरुस्तीला नेणारी कुणीतरी. आमच्या इथून पाबळ लांब नाही, विज्ञान आश्रम १९८३ पासून आहे तिथे, डॉ. कलबागांनी उभं केलेलं. आमच्या वर्गातला एक पोरगा नंतर तिथे शिकून आला, वेल्डिंगपासून वायरिंगपर्यंत हाताने करतो. शाळेचं अर्थिंग शेवटी त्यानेच करून दिलं.

सनीवेलकर

छान धागा. मी इथे कॅलिफोर्नियात आहे, माझी कंपनी एम्प्लॉयी डोनेशनला तेवढंच मॅचिंग देते. मी ५०० डॉलर दिले तर कंपनीचे ५००. थेट तुमच्या संस्थेच्या खात्यात पाठवले तर? १५-२० मराठी लोक गोळा करू शकतो, वर्षभरात लॅपटॉपचे पैसे निघतील.

नावे_जमा

साहेब, भावना पोचली पण थांबा. ताईंच्या संस्थेला एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्या घ्यायची सरकारी परवानगी, नाही असं गृहीत धरतो. मग तुमच्या कंपनीचा मॅचिंगचा पैसा हा सरळसरळ परदेशी पैसा, तो एक डॉलरही घेता येणार नाही, आणि चुकून घेतला तर संस्था अडचणीत, तुम्ही नाही. तुमचा पासपोर्ट अजून भारतीय असेल तर तुमच्या स्वतःच्या बचतीतले पैसे बँकेमार्फत चालतात, ते परदेशी धरत नाहीत. पण अमेरिकन नागरिकत्व घेतलेलं असेल, मूळ भारतीयांना मिळणारं ओसीआय कार्ड असलं तरी, ते परदेशीच. तेव्हा १५-२० जण गोळा करताना आधी पासपोर्ट कुठल्या देशाचा ते विचारा, राग आला तरी चालेल.

सनीवेलकर

बापरे. माझा भारतीयच राहिलाय अजून, पण ग्रुपमधले निम्मे गेले. बघतो.

वेशीवरची

सगळ्यांना मनापासून धन्यवाद, दोन दिवस उत्तर दिलं नाही कारण कागद शोधत होते. ८०जी ची मुदत अजून आहे, सुटले. परिशिष्ट एकवर मात्र आमचे एक विश्वस्त जे २०१९ लाच राजीनामा देऊन गेले ते अजून बसलेले आहेत, नावे_जमा तुम्ही माझ्याच संस्थेचं लिहिलं की काय असं वाटलं.

गुरुजी, तुमचं वाचून पूर्ण प्रपोजल फाडलं. आता असं करतेय: सात नाही, चार शाळा. खोलीत काही बसवायचंच नाही. २० लॅपटॉप दोन पत्र्याच्या पेट्यांत, आणि आमच्याच अभ्यासिकेतून बीसीए झालेली एक मुलगी आहे ती चार दिवस चार शाळांना जाणार, पाचव्या दिवशी अभ्यासिकेत चार्जिंग, दुरुस्ती, नोंदी. लॅपटॉप जीएसटी धरून ३५ हजारांचा, म्हणजे ७ लाख. तिचे महिन्याला १८ हजार, वर्षाचे २ लाख १६ हजार. पेट्या न्यायला रिक्षाचं भाडं ३६ हजार, दुरुस्ती ४० हजार, ऑडिट २० हजार. एकूण १० लाख १२ हजार. दीडपटीच्या थोडं वर गेलं, चालेल का? आणि लॅपटॉप शाळेच्या नावावर करायचे का संस्थेच्या?

कंपनीच्या_आतून

चालेल. उलट मला विचाराल तर १५ लॅपटॉप करा, एका लॅपटॉपवर दोन पोरं बसवा, तशी ती एकमेकांकडून पटकन शिकतात, आणि वाचले त्यात मुलीला १८ चे २० द्या, नाहीतर सहा महिन्यांत पुण्याला नोकरी धरेल. दुसऱ्या वर्षाचं बजेटही आत्ताच जोडा, लॅपटॉप वजा करून ते सव्वातीन-साडेतीन लाखांवरच येतं, ते बघून कमिटीला बरं वाटतं. मोजणार काय तेही लिहा, "डिजिटल सक्षमीकरण" नको, जूनमध्ये किती पोरांनी स्वतःचं नाव-पत्ता मराठीत टाईप केला आणि मार्चमध्ये किती, बास.

नाव संस्थेचंच. नोंदणीकृत ट्रस्ट आणि सीएसआर नंबर असेल तर मालमत्ता तुमच्या नावावर राहू शकते.

खडूफळा

हो, आमच्या नावावर अजिबात करू नका. एकदा डेडस्टॉकला चढलं की दुसऱ्या शाळेत न्यायला वरपर्यंत परवानगी, म्हणजे पेटी एकाच शाळेत अडकली. गटशिक्षणाधिकाऱ्यांचं पत्र आणि चारही शाळा व्यवस्थापन समित्यांचे ठराव तेवढे घ्या, तासिकेचा वार ठरावातच लिहून घ्या. आणि सोमवार घेऊ नका, आमच्याकडे बाजार असतो, पोरं निम्मी नसतात.

नावे_जमा

चेंज रिपोर्ट याच आठवड्यात टाका, त्याला वेळ लागतो. सीएसआर-१ त्याच्यासाठी थांबवायची गरज नाही, फक्त सही करणारा पदाधिकारी परिशिष्टावर आहे ना ते बघा. कंपनीशी एमओयू, म्हणजे लेखी करार, होईल तेव्हा स्टॅम्प ५०० चा, घरात जुने १०० चे पडले असतील तर त्यातल्या एकावर आता भागत नाही.

वेशीवरची

चार पडलेत घरात. सही करणारी मीच, आणि मी आहे परिशिष्टावर, आत्ता परत काढून बघितलं. आडनावात एक काना जास्त आहे.

नावे_जमा

पॅनवर आहे का तो काना?

वेशीवरची

नाही.

नावे_जमा

मेसेज करा. फोनवर बोलू.