सिनेबेंच पास, तरी मध्यरात्री रीस्टार्ट. याला अनस्टेबल म्हणायचं का?

संत्रानगरीकर
मंडळी, एक वाद मिटवा. घरचा पीसी: रायझन 5 5600एक्स, बी550 बोर्ड, 16 जीबी डीडीआर4-3600 रॅम एक्सएमपीवर (रॅम जास्त वेगाने चालवायची तयार सेटिंग). ऑक्टोबरात बायोसमध्ये जाऊन पीबीओ (प्रोसेसरचा वेग वाढवायची एएमडीची सोय) चालू केलं, बूस्ट (वेगाची कमाल उडी) +200 मेगाहर्ट्झ आणि कर्व्ह ऑप्टिमायझर (कोअरचं व्होल्टेज कमी करायची सेटिंग) सगळ्या कोअरना उणे 30. सिनेबेंच आर23 (प्रोसेसरचा वेग मोजणारा प्रोग्राम) चा स्कोअर 10,900 वरून 11,700 वर गेला. प्राइम95 (प्रोसेसरवर पूर्ण ताण देणारी चाचणी) तीन तास चालवलं, एक एरर नाही, तापमान 78 च्या वर नाही.

डिसेंबर लागला आणि पीसी आपोआप रीस्टार्ट व्हायला लागला. गेम खेळताना नाही बरं का! नुसता ब्राउझर उघडा असताना, नाहीतर मी जेवायला उठलो की. निळी स्क्रीनही येत नाही. खटकन अंधार, परत लोगो. मित्र म्हणतो ओव्हरक्लॉक, म्हणजे हा वाढवलेला वेग, कच्चा आहे. माझं म्हणणं, पोतं घेऊन तीन तास धावलेला गडी खाटेवर बसल्या बसल्या कसा पडेल? विंडोजचीच भानगड असणार.

काटकसरी_काका
सगळं मूळ सेटिंगवर आणा, आठवडाभर बघा, विषय संपवा. 1998 साली इंटेलच्या सेलेरॉन 300ए ची बस (प्रोसेसरचा वेग जिच्यावर ठरतो ती) 66 वरून 100 मेगाहर्ट्झवर नेली की 300 चा प्रोसेसर 450 मेगाहर्ट्झवर पळायचा. फुकटात दीडपट! त्या खेळात राम होता. आता कंपन्या उसाला चार वेळा चरकातून काढून विकतात आणि आपण चिपाड पिळत बसतो. तुमचे ते 800 गुण म्हणजे जेमतेम 7 टक्के. वर चिपच्या जिवाशी खेळ. 2024 मध्ये इंटेलच्या 13व्या-14व्या पिढीचं काय झालं ते बघा: व्होल्टेज वाजवीपेक्षा जास्त जात होतं, प्रोसेसर खराब व्हायला लागले, ऑगस्टमध्ये 0x129 मायक्रोकोड (चिपसाठीचा दुरुस्ती-अपडेट) द्यावा लागला आणि वॉरंटीही दोन वर्षांनी वाढवावी लागली.

मिलिव्होल्ट
काका, उदाहरण उलटं पडलं. तिथे व्होल्टेज जास्त होत होतं, इथे धागाकर्त्याने कमी केलंय. कर्व्ह ऑप्टिमायझरची एक पायरी साधारण 3 ते 5 मिलिव्होल्टची. उणे 30 म्हणजे 90 ते 150 मिलिव्होल्ट काढून घेतले. ही चिप जळत नाहीये, तिची उपासमार चाललीय.

आता गड्याचं. सहाही कोअर पोतं घेऊन धावतात तेव्हा वीज आणि उष्णतेच्या मर्यादेमुळे वेग 4.5 गिगाहर्ट्झच्या आसपास राहतो. 4.85 ची उडी कोअर कधी मारतो? एकटाच मोकळा असेल आणि क्षणभराचं काम आलं तर. म्हणजे नवा टॅब उघडताना, किंवा तुम्ही जेवायला गेल्यावर मागे एखादं अपडेट जागं झालं की. तीन तासांच्या प्राइम95 मध्ये ही उडी एकदाही आली नसेल. तुम्ही गड्याला ओझं देऊन तपासलंत, तो पडतोय उडी मारताना.

आणि डिसेंबरचं गुपितही यातच आहे. चिप जितकी थंड तितका बूस्ट वर जातो. मे महिन्यात नागपुरात 45 अंशांत हीच सेटिंग तुम्हाला ठणठणीत वाटली असती.

इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (विंडोजची नोंदवही) डब्ल्यूएचईए-लॉगर, आयडी 18 शोधा, ती हार्डवेअरच्या चुकीची नोंद. त्यात एपीआयसी आयडी दिसेल, एका कोअरचे असे दोन क्रमांक. त्याला दोनने भागा, कोअर सापडेल. मोजणी शून्यापासून.

वऱ्हाडी_वायरमन
थांबा भाऊ, सगळेच डायरेक्ट कर्व्हवर काहून घसरून राहिले? एक्सएमपी बी ओव्हरक्लॉकच हाय. या प्रोसेसरची अधिकृत मर्यादा डीडीआर4-3200, तुम्ही 3600 वर पळवून राहिले. आधी रॅम तपासणारी मेमटेस्ट86 रात्रभर लावा. अन् एसएमपीएस (पीसीले वीज देणारा डबा) किती जुना, ते कोणी विचारलं का? माझ्या भाच्याच्या पीसीत तीन आठवडे बायोस खेळलो, शेवटी निघालं काय? एक्स्टेन्शन बोर्डात पिन ढिली!

मिलिव्होल्ट
पिन ढिली असेल तर ती एकाच कोअरचं नाव घेणार नाही ना. लॉग येऊ द्या.

संत्रानगरीकर
लॉग पाहिला. पाच नोंदी. चार वेळा आयडी 4 किंवा 5, एकदा 0. म्हणजे मुख्य गुन्हेगार कोअर 2. गंमत म्हणजे एएमडीचा रायझन मास्टर प्रोग्राम त्यालाच सर्वोत्तम म्हणून चांदणी देतो. सगळ्यात चांगला कोअरच कसा पडतो?

मिलिव्होल्ट
चांगला आहे म्हणूनच. कारखान्यातूनच त्याला कमी व्होल्टेजवर जास्त वेग ठरवून दिलाय, त्याच्या ताटात काढून घेण्याजोगं फार उरलेलं नसतं. त्याला उणे 10 द्या, बाकीचे राहू द्या. कोअरसायकलर रात्रभर लावा, तो एकेका कोअरला एकटं गाठून तपासतो. आणि एका वेळी एकच बदल. रॅम, बूस्ट, कर्व्ह तिन्ही एकदम हलवलंत तर काय लागू पडलं ते कधीच कळणार नाही.

बॅकअपवाली
सगळे रीस्टार्टवर बोलताय. रीस्टार्ट झाला हे नशीब समजा. माझ्या जुन्या पीसीचा ओव्हरक्लॉक कधी पडलाच नाही. वर्षभराने लग्नाच्या फोटोंची झिप उघडली तर सीआरसी एरर, म्हणजे फाइल बिघडलेली. प्रोसेसरने गणित चुकवलं आणि तोंडातून ब्र काढला नाही. प्राइम95 हे मुळात मर्सेन मूळसंख्या शोधणाऱ्यांचं साधन, 1996 पासूनचं. तिथे एक बिट चुकला की आठवड्यांची आकडेमोड मातीत, म्हणून ते राउंडिंगची चूक जागेवर धरतं. तुमचा ब्राउझर काही धरत नाही. तेव्हा माझं मत: गेमिंगच्या पीसीवर हवं ते करा, घरच्यांच्या फाइली असतील त्या पीसीवर नको.

काटकसरी_काका
बॅकअपवालींना दुजोरा. सहा कोअरच्या सहा सेटिंग, रात्र-रात्र चाचण्या, आणि मिळणार किती? 7 टक्के.

मिलिव्होल्ट
गच्चीत टोमॅटो लावणाऱ्याला तुम्ही मंडईचा भाव विचारता का, काका? फाइलींचा मुद्दा मात्र मान्य.

वऱ्हाडी_वायरमन
मेमटेस्ट अजून कोणी लावली नाही, एवढं ध्यानात ठेवा.

संत्रानगरीकर
लावली हो. चारही फेऱ्या स्वच्छ. एक्सएमपी तूर्त सुटली. मग कोअरसायकलर. कोअर 2 उणे 18 वर चाळीस मिनिटांत पडला, उणे 12 वर रात्रभर टिकला, म्हणून उणे 10 ठेवलंय. कोअर 0 उणे 22 वर. बूस्ट +200 वरून +100 केला. सिनेबेंच 11,560. आज अकरावी रात्र, रीस्टार्ट नाही.

विंडोजला उगाच शिव्या दिल्या, मागे घेतो. बहिणीचे जीएसटीचे एक्सेल मात्र पेन ड्राइव्हवर काढून तिच्या लॅपटॉपमध्ये टाकलेत. तिला कारण सांगितलेलं नाही.

काटकसरी_काका
म्हणजे तुमचाही पूर्ण विश्वास नाहीच!