रियाजाआधीची जुळवाजुळव
रोज ठरावीक तास राखून ठेवल्याशिवाय गाण्याचा रियाज टिकत नाही, हे मत मला अर्धेच पटते. नोकरी करणाऱ्याचा रियाज बहुधा वेळेअभावी नव्हे, तर आधीच्या जुळवाजुळवीपायी मोडतो. तंबोऱ्याची गवसणी काढायची, चारही तारा सुरात मिळवायच्या, घोडीवरचा (तारा टेकतात त्या पट्टीवरचा) जवारीचा, म्हणजे तारेला गुंजन आणणारा, दोरा सरकवत बसायचे, आणि एवढे होईतो कुकरच्या शिट्ट्या सुरू होतात. म्हणून मी तंबोरा रविवारपुरता ठेवला असून एरवी मोबाइलमधल्या तंबोऱ्यावर (जाणकारांनी खुशाल नाके मुरडावीत) पहाटे केवळ खर्जाचा, म्हणजे खालच्या सुरांचा, रियाज करते. मंद्र (खालच्या) सप्तकातला षड्ज (सा) लांब श्वासावर लावताना आवाज चढवावा लागत नसल्याने शेजाऱ्यांची झोपमोडही होत नाही. ताना आणि तार (वरचे) सप्तक मात्र अशा वेळी साधत नाहीत, ते सुट्टीच्या दिवसावरच ढकलावे लागते.